एसेकेचे मैल

एसेंगेल्दीचं आयुष्य दोघांनी वाटून घेतलं होतं. अर्धं त्याच्या बायकोनं, कुलायिमनं, आणि अर्धं मी. एक महिना तो गावी, एक महिना कॅस्पियनकाठच्या तेलाच्या मैदानावर, कॅम्पात माझ्या शेजारच्या खाटेवर. तो घोरायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून त्याला शिव्या घालायचो. तो पाइपांचा वेल्डर, मी परांच्या बांधणारा. मी बांधलेल्या परांचीवर चढून तो जोड मारायचा आणि वरून माझ्यावरच ओरडायचा, "सागिंदिक, ही परांची आहे की तुझ्या सासूचा पाळणा? हलतेय बघ!"

गावंही आमची शेजारशेजारची, देशाच्या दक्षिणेला, शिमकेंत शहराच्या अलीकडची. वडीलधाऱ्याचं नाव आम्ही पुरतं घेत नाही, म्हणून पोरांसाठी तो एसेके आणि मी साके. पन्नाशी आली तसं आम्ही एकमेकांनाही तेच म्हणायला लागलो. कामावर जायचं म्हणजे देशाच्या या टोकाकडून त्या टोकाला, विमानानं. तिकीट ठेकेदार काढायचा. त्यामुळे विमानात बसण्याचं आम्हाला कौतुक नव्हतं. उलट कंटाळा होता. कुडकुडत रांगेत उभं राहायचं, बूट काढायचे, पट्टा काढायचा, पुन्हा घालायचा, आणि गुडघे समोरच्या खुर्चीला टेकवून झोपायचं. वर्षानुवर्षं हेच.

त्याला मैलांचा नाद लागला तो एका दारामुळे.

एका हिवाळ्यात आम्ही तेलाच्या मैदानाजवळच्या अतिराऊच्या विमानतळावर अडकलो. बाहेर असं हिमवादळ की हाक मारल्याशिवाय शेजारचा माणूस कळू नये. घरी निघालेली आमची सगळी तुकडी जमिनीवर जाकिटं अंथरून आडवी झालेली. एसेकेची कंबर धरली होती. वेल्डरची कंबर त्याच्या आधी म्हातारी होते. त्याला बसवेना, आडवं पडवेना, म्हणून तो भिंतीला टेकून उभा होता. समोर एक धुरकट काचेचं दार होतं. आमच्या मुलांच्या वयाचा एक पोरगा आला, कार्ड दाखवलं, दार उघडलं. आत सोफे दिसले. गरम रश्श्याचा वास आला. दार मिटलं.

एसेके तसाच लंगडत पुढे गेला. दारातली मुलगी म्हणाली, "काका, कार्ड आहे?"

"कार्ड नाही. कंबर आहे. दाखवू?"

ती बिचारी हसली, पण दार काही उघडलं नाही. हातात एक रंगीत कागद दिला तेवढा.

"साके," परत येऊन तो मला म्हणाला, "त्या पोरानं काय दिलं असेल रे आत जायला?"

"पैसे दिले असतील."

"नाही. ती म्हणते, नुसतं विमानात बसायचं. बसू तितके मैल आपल्या नावावर जमतात. मैलांवर तिकीट मिळतं, आणि खूप बसलं की कार्ड रुपेरी होतं, मग सोनेरी. सोनेरीवाल्याला हे दार उघडतं. आपण इतकी वर्षं बसतोय. आपले मैल गेले कुठे?"

"हवेत," मी म्हणालो. "झोप आता उभ्याउभ्या, घोड्यासारखा."

वादळ निवळेपर्यंत तो तो कागद वाचत होता. माझ्या मते सगळ्यांची सुरुवात अशीच होत असणार. हिशेब मांडून कुणी या भानगडीत पडत नाही. दुसऱ्यासाठी उघडलेलं दार दिसतं, आपली दुखरी कंबर आठवते आणि माणूस अर्ज भरतो.

अर्ज त्याच्या मुलीनं, मेरुएर्तनं, फोनवरून भरून दिला. निळं कार्ड घरी आलं. मग चार महिने हा बहाद्दर ते कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात, छातीशी ठेवून विमानात बसत होता. त्याला वाटायचं, कार्ड अंगावर असलं की मैल आपोआप आत शिरतात. उतरल्यावर तो ते काढून बघायचा आणि पुसून परत ठेवायचा. मेरुएर्तनं तपासलं तर खात्यात भोपळा. तिकीट काढतानाच तो नंबर घालायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या दिवशी जो हशा झाला, तो मी आजही आठवून हसतो.

तिकिटं काढायची ठेकेदाराच्या ऑफिसातली फरीदाबाई. जाडजूड, तापट, टाइप करायची दोन बोटांनी. एसेकेनं तिला गावाकडचं क़ुर्त न्यायला सुरुवात केली, दह्याच्या खारवून वाळवलेल्या गोळ्या. पिशवी टेबलावर ठेवायचा आणि अदबीनं सांगायचा, "बाई, तेवढा माझा नंबर."

"तुमचा नंबर मला आता माझ्या नवऱ्याच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ झालाय," ती म्हणायची. "साधं तिकीट आहे हो तुमचं, सगळ्यात स्वस्तातलं. त्याला मैल तरी किती मिळणार? चिमणीच्या चोचीएवढे."

"चिमणी रोज आली तर पोतं रिकामं करते, बाई."

मग त्यानं नवीनच शोध लावला. सरळ विमानाऐवजी राजधानी आस्ताना मार्गे गेलं तर एकाच्या जागी दोन विमानं होतात. मैल जास्त, आणि सोनेरी कार्डासाठी उड्डाणंही दोन मोजली जातात. फरीदाबाईला क़ुर्ताची दुप्पट पिशवी गेली. त्या दिवसापासून मी दुपारी घरी पोचून पाय पसरायचो, तेव्हा हा आस्तानाच्या विमानतळावर बाकावर बसून पुढच्या विमानाची वाट बघत असायचा. घरी पोचायचा तो दुसऱ्या दिवशी. जातानाही तसाच, एक दिवस आधी निघायचा. कुलायिमच्या वाटणीचे दिवस असे दोन्ही टोकांनी कुरतडले जात होते. ती म्हणायची, "विमानं उशिरा सुटतात आजकाल." तिला खरं सांगायची त्याची हिंमत नव्हती, आणि मला काय पडलंय म्हणून मी गप्प.

रुपेरी कार्ड आलं, त्यावर एक बॅग जास्त न्यायची सवलत. आमच्याकडे एकच बॅग, तीही अर्धी रिकामी. मग एकदाचं सोनेरी आलं. अतिराऊला त्यानं मला हाताला धरून त्या काचेच्या दाराशी नेलं, सोबत एक पाहुणा चालतो म्हणून. दार उघडलं. आत सोफे होते. रस्सा कोमट होता. टीव्हीवर कुणीतरी हवामान सांगत होतं आणि कुणीच ऐकत नव्हतं.

एसेके सोफ्यावर टेकला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "बस? एवढंच?"

"मग तुला काय, स्वर्गातल्या हुरी नाचायला हव्या होत्या?"

तो हसला नाही. तिथेच त्याला झोप लागली, तोंड उघडं टाकून. मला त्याचा रागही आला आणि दयाही. इतके दिवस घालवून माणसानं काय मिळवलं, तर झोपायला सोफा. घरी खाट होती की.

मैलांचं त्याला काही करायचं नव्हतं, तोवर सगळी गंमतच होती. पण मेरुएर्त नवऱ्याबरोबर सेऊलला गेली, दोघं कारखान्यात लागली, आणि वर्षभरानं तिला दिवस गेले. नवऱ्याची रात्रपाळी. ओळखीचं कुणी नाही. आमच्याकडे बाळंतिणीसाठी मेंढी कापतात आणि आई आपल्या हातानं तो रस्सा लेकीला पाजते. तो प्यायला की हाडं परत जुळतात, अंगावरचं दूध उतरतं, असं बायका सांगतात. मेरुएर्त आईला फोनवर काही म्हणाली नाही. नुसतं विचारलं, "आई, त्या रश्श्यात मीठ कधी घालायचं?" कुलायिम फोन ठेवून कोठारात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला होतो. कुलायिम जन्मात विमानात बसली नव्हती. नवऱ्याला फाटकापर्यंत सोडायची आणि परत फिरायची. ती चहा ओतता ओतता म्हणाली, "अहो, ते तुमचे मैल सेऊलपर्यंत पोचतात का?"

एसेकेनं फोन काढला, चष्मा लावला, आकडे बघितले. "थोडे कमी आहेत. दोन खेपा झाल्या की पोचतील. जायचे आणि यायचे, दोन्ही."

"मग मी जाईन," ती म्हणाली. एवढंच. पण मी तिला बरीच वर्षं ओळखतो. आजवर त्या घरात 'मी जाईन' हे शब्द फक्त एसेकेनं उच्चारले होते.

तिचा पासपोर्ट काढला. फोटोत ती अशी दिसत होती की आत्ताच पोलिसांनी धरून आणलंय. तिनं बाळासाठी दुलई शिवायला घेतली नाही, तिकीटही काढू दिलं नाही. पोटातल्या जिवाच्या आधी तयारी करायची नाही, नजर लागते. नववा महिना लागला की काढू, ती म्हणाली. आणि कुणाला सांगायचं नाही. लेक गरोदर आहे हेसुद्धा त्या दोघांखेरीज आणि माझ्याखेरीज गावात कुणाला माहीत नव्हतं. मैल जमले, पुरे झाले आणि एसेकेच्या खात्यात नुसते पडून राहिले.

नोव्हेंबरात त्यानं हिवाळ्यासाठी घोडा कापला. मांस घरात आलं की आप्तांना बोलवायचं, हा रिवाज. मीही गेलो. घर भरलेलं, ताटांमधून वाफा निघताहेत, मुख्य जागी गावचे म्हातारे उरिनबाय बाबा बसलेले. खालच्या बाजूला चहाच्या सामोवाराशी कुलायिम. आणि एसेकेच्या मोठ्या बहिणीचा मुलगा दिदार, नुकतं लग्न झालेला, शेजारी लाजरी नवी नवरी.

भाच्याचा मामावर आमच्यात तीन वेळा हक्क असतो. जे मागेल ते मामानं द्यायचं. घोडा मागो, बंदूक मागो, नाही म्हणायची सोय नाही. त्यामुळे भाचा दारात दिसला की चांगल्या वस्तू झाकून ठेवायची चेष्टा प्रत्येक घरात चालते. दिदारनं लहानपणी एक शिंगरू नेलं होतं. मिसरूड फुटल्यावर एसेकेची मोटारसायकल नेली, ती पंधरवड्यात कालव्यात घातली. तिसरं राहिलं होतं, आणि सगळे त्यावरून त्याला छेडत होते.

"काय दिदार, आज काय नेणार? मामीचा सामोवार?"

"मामाचे दात ने, सोन्याचे आहेत!"

पोरगा पोट धरून हसला. मग गुडघ्यावर सरसावून बसला आणि म्हणाला, "मामा, आज खरंच मागतो हं. तिसरं. तुमच्याकडे ते विमानाचे मैल आहेत ना? आम्हा दोघांना अंताल्याला समुद्र दाखवा. दोन तिकिटं."

आणि मग सगळे सुटले, हसत. मैल म्हणजे काय हे त्यातल्या कुणाला धड ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, पोरानं मामाला स्वस्तात सोडलं. ना घोडा, ना गाडी. कंपनीनं फुकट दिलेलं काहीतरी.

"दे रे, दे," उरिनबाय बाबा हाडावरचं मांस सोलत म्हणाले. "हवाच मागतोय पोरगा. भाच्याला दुखावलं की मामाचे हात थरथरायला लागतात. तू तर वेल्डर आहेस बाबा, सांभाळ!"

पुन्हा हशा. मी मात्र एसेकेकडे बघत होतो. त्यानं खरोखरच आपल्या हातांकडे बघितलं. वेल्डरचे हात थरथरले की संपलं. प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघतो, दोन जोड वाईट निघाले की माणूस घरी. ही भीती त्याच्या मनात होती, हे मी सांगू शकतो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घर भरलेलं होतं. बहीण समोर होती. नवी नवरी मान खाली घालून मनातल्या मनात समुद्र बघत होती. आणि नाही म्हणायचं, तर त्याचं कारण म्हणून पोटातलं बाळ चारचौघांत बोलून दाखवावं लागणार.

"घे," एसेके म्हणाला.

टाळ्या झाल्या. दिदारनं मामाचे दोन्ही हात धरले. त्या पोराचा काही दोष नव्हता, त्याला काही माहीत नव्हतं.

कुलायिमनं मान वर केली नाही. ती चहा ओतत राहिली. आमच्याकडे प्याला भरून देत नाहीत. तळाशी घोटभर ओतायचा, तो संपला की परत, परत. जितका कमी, तितका माणूस आणखी बसावासा वाटतो असा अर्थ. काठोकाठ भरलेला प्याला एकालाच देतात, ज्यानं आता पिऊन निघावं असं वाटतं त्याला. तिनं दिदारला घोटभर दिला, नवरीला घोटभर, बाबांना घोटभर. मग एक प्याला घेतला, त्यात दूध घातलं, चहा ओतला, ओततच राहिली, चहा काठाशी येऊन थरथरेपर्यंत. तो तिनं हातोहात पुढे पाठवला, नवऱ्याकडे. त्याच्याच घरात.

ज्यांनी बघितला त्यांनी पटकन नजर ताटात घातली. दिदारची आई काही बोलणार होती, ती थांबली. एसेकेनं प्याला घेतला. थेंब न सांडता, कढत चहा एका दमात प्यायला, प्याला पालथा घातला, उठला आणि बाहेर गेला.

मी मागोमाग गेलो. तो तबेल्याच्या कुंपणाला टेकून उभा होता, डोक्यावर टोपी नव्हती. आत परत गप्पा सुरू झाल्या होत्या. कुलायिमचा आवाज येत होता, "दिदार, घे ना रे, मांस घे. तूही घे गं पोरी, लाजू नकोस."

"मी काय करायला हवं होतं, साके?"

"निदान एकदा तिच्याकडे बघायचं तरी होतंस."

"बघितलं असतं," तो म्हणाला, "तर 'घे' म्हणता आलं नसतं."

मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. त्याचाच मला जास्त वीट आला. थंडी वाजायला लागली तसे आम्ही कुंपणाशीच थोडं थोडं फिरलो. आत जायला त्याचे पाय उचलत नव्हते.

दिदार आणि त्याची बायको अंताल्याला जाऊन आली. तिथून त्यांनी मामीसाठी एक रुमाल आणला, निळा, चांगला होता. मेरुएर्तला डिसेंबरात मुलगा झाला. तिच्या मजल्यावरची एक कोरियन बाई तिला दवाखान्यात घेऊन गेली. जावयानं गोठवलेलं मटण आणून रस्सा केला, आणि कुलायिम फोनवरून सांगत होती, फेस काढ, अजून काढ, आता आच कमी कर. फोनच्या पडद्यावर पातेलं दिसत होतं, मेरुएर्त दिसत नव्हती. "तिच्याकडे फिरव जरा," ती दोनदा म्हणाली.

एसेकेचं कार्ड सोनेरीच राहिलं. त्याचं असं असतं, मैल खर्चले तरी मान वर्षभर शाबूत राहतो. अतिराऊला ते दार त्याच्यासाठी उघडायचं. पण तो आत जायचा नाही. आमच्याबरोबर बाहेर बाकावर बसायचा. पोरं म्हणायची, "एसेके, आत जा की, रस्सा आहे." तो म्हणायचा, "कोमट असतो."

तरी मैल त्यानं सोडले नाहीत. पुन्हा फरीदाबाई, पुन्हा क़ुर्त, पुन्हा आस्ताना मार्गे. आता हसायलाही कुणी उरलं नव्हतं, नवी पोरं तर स्वतःचीच कार्डं बाळगू लागली होती. कुलायिमनं त्या प्याल्यानंतर त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. घर चालू होतं. ती त्याचे कपडे बांधून द्यायची, फाटकापर्यंत सोडायची. त्याचे हातही थरथरले नाहीत, जोड स्वच्छच निघत होते. कधीकधी मला वाटायचं, एखादा बिघडला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दोनेक वर्षं अशी गेली. मग एका वसंतात, घरी पोचलेल्याच दिवशी, त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. मला कळलं, एकट्यानं सांगायची त्याला भीती वाटतेय. कुलायिम सामोवाराशी बसली होती. त्यानं फोन तिच्यासमोर ठेवला, चष्मा काढून तोही ठेवला.

"झाले," तो म्हणाला. "सेऊल. जायचे, यायचे. या वेळी थांबायचं नाही, आत्ताच काढू. साकेसमोर काढू."

कुलायिमनं फोनकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं, बऱ्याच दिवसांनी असं सरळ बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी म्हणालो असतो की अजून काही आशा आहे.

"पोर धावायला लागलं," ती म्हणाली. "आता उन्हाळ्यात येणारच आहेत ती तिघं इकडे, कायमची."

"येऊ देत की. त्याआधी तू जाऊन ये. बघून ये सगळं. विमानात बस एकदा."

"मला बघायचं नव्हतं काही," कुलायिम म्हणाली. "मला तेव्हा जायचं होतं."

एवढं बोलून तिनं माझ्यापुढचा प्याला उचलला आणि विचारलं, साके, अजून चहा घेणार ना?